चमच्यातला चांदोबा

३ तारीख, सकाळ
जाग आली ती स्वप्नातल्या त्याच जुन्या आवाजाने. टण्ण! शाळेच्या नळाखाली जस्ताची बादली ठेवली की पहिली धार अशी वाजायची, आणि आत वर्गात मास्तर त्याच ठेक्यावर कविता म्हणून घ्यायचे. साठ वर्षं झाली.
आणि योगायोग पाहा, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी आज नातीला जस्तच लिहून दिलं! झिंकचं सिरप. आमची मिरी तीन वर्षांची, जुलाबांनी पार वाळली आहे. बाई म्हणाल्या, जुलाबांनी आतड्याचं अस्तर खरवडलं जातं, मग जस्त अंगी लागत नाही. आणि जस्त नाही म्हणून अस्तर भरत नाही. जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायचंच. सुनेने कॅलेंडरवर चौदा चौकटी आखल्या. ती ऑफिसात असते, डोस माझ्याकडे. म्हटलं, निश्चिंत राहा. कवितांच्या कविता मुखोद्गत असणाऱ्याला चौदा चमचे म्हणजे काय!

३, दुपार
मिरीने औषध थुंकलं. माझ्या सदऱ्यावर. चाखून पाहिलं, चव गंजक्या खिळ्याची. नाक दाबून पाजणं आपल्याला जमायचं नाही. संकल्प: काव्याने काम साधायचं.

४
कविता झाली!
चमच्यात उतरला चांदोबा,
हळूच गिळतो आजोबा!
('मिरी'ला 'गिरी'शिवाय यमक सुचेना.)
प्रात्यक्षिक म्हणून चमचा मीच घेतला. मिरी टाळ्या पिटत म्हणाली, पुन्हा आजोबाच! तिला उद्यापासून नक्की. चौकटीत फुली मारली. कोरी दिसली की सून उगाच काळजी करते.

९
मिरीचा 'उद्या' काही उगवला नाही, तरी जुलाब थांबले. काव्याचा गुण. मग औषध कशाला? पण बाटली उतरायला हवी आणि टाकून देणं जिवावर येतं, म्हणून रोजचा चमचा मीच घेतो. सून विचारते, दिलंत ना बाबा? मी म्हणतो, गेलं पोटात. कोणाच्या, ते ती विचारत नाही.

१६
चौदा फुल्या. माझ्या टाचेची भेग भरली, पोट घड्याळासारखं. सून म्हणाली, बाबा, तुम्ही होतात म्हणून निभावलं. मी पेपर तोंडापुढे धरला. उलटा होता.

२०
मिरीला पुन्हा जुलाब. हवा बदलली असेल.

२४
हवा नाही. वजन अर्धा किलो उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण चौदा दिवस झिंक जाऊनही हे, म्हणजे आतडं शोषतच नसणार. २८ ला मोठ्या हॉस्पिटलात भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची. एवढ्याशा पोरीला! सून म्हणाली, बाबांनी एक डोस चुकवला नाही हो, फुल्या आहेत ना. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात खिळ्याची चव आली. गिळली.

२६
कबुलीजबाब तयार केला. आधी पद्यात. लाज वाटली, फाडला. मग गद्यात: औषध मी प्यायलो. तीनच शब्द. जेवताना म्हणणार होतो, पण सून मिरीला मांडीवर घेऊन मुकाट रडत होती. म्हणालो, जरा मीठ दे.
इतका नालायक मी शाळेतही नव्हतो.

२७, संध्याकाळी सहा
सून मिरीला घेऊन खाली गेली आहे, उद्याच्या आधी रक्त तपासायचंय. वर आल्या आल्या सांगणार. चपला काढायच्या आत. शपथ.
बेल वाजली. सुनेकडे तर किल्ली असते.

सात वाजता
दारात डॉक्टरीणबाई! हातात झिंकची नवी बाटली. मागे जिन्यात सून, माझ्याकडे न बघणारी. खांद्यावर मिरी, दंडाला पट्टी.
बाई म्हणाल्या, सुई टोचताना रडू नये म्हणून हिला कविता म्हणायला सांगितली. तीच त्यांनी मला म्हणून दाखवली. 'हळूच गिळतो' वर थांबल्या. मिरीनेच पूर्ण केली, जिनाभर ऐकू जाईल अशी. उद्याची दुर्बीण रद्द, असं म्हणून बाईंनी बाटली सुनेच्या हातात दिली, माझ्या नाही.
मग फार मायेने विचारलं, आजोबा, तुमचे जुलाब थांबले ना?