जखमेतली वाळू

४ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! फाट्यावर बसमधून उतरले तर मॅनेजर जीप घेऊन उभे. माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी विचारलं, मेकॅनिक कुठाय? बाई येणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला हसू आवरेना.

वाळवंटात मोटारसायकल उडवायला येणाऱ्या हौशी लोकांचा हा तळ. पत्र्याच्या चार खोल्या, एक शेड आणि शेडमध्ये अकरा मोटारसायकली, सगळ्या आता माझ्या ताब्यात! हंगामाला पंधरा दिवस आहेत, तोवर इथे तिघंच : मी, मॅनेजर आणि स्वयंपाकी. हा स्वयंपाकी आधी एका दवाखान्यात कंपाउंडर होता. भाजीत मीठसुद्धा औषधासारखं मोजून टाकतो.

ऑफिसातल्या फोनवरून दादाशी बोलले. मी ही नोकरी धरली म्हणून अजून घुश्शात आहे, पण जेवलीस का हे विचारलंच.

६ तारीख, बुधवार
जीपचा गिअरबॉक्स बसला. मी उघडून ठेवलाय. आतलं एक दातेरी चाक तुटलंय, नवं मागवलंय. मॅनेजर म्हणतात, उद्या येईल. बाकी काम झकास. सगळ्या मोटारसायकलींचे एअर फिल्टर वाळूने गच्च भरले होते, ते झटकले. उद्या एकेक गाडी चालवून बघायची.

७ तारीख, गुरुवार
पडले. आणि माझ्या चुकीने नाही, हे आधी लिहून ठेवते.

मागच्या मोठ्या टेकडीवर सहा नंबरची गाडी चढवत होते. पुढचं चाक रुतलं नाही, घसरलं नाही. कुणीतरी धरल्यासारखं जागच्या जागी थांबलं. गाडी डाव्या पायावर आली. घोट्यापर्यंत पाय वाळूत. मी ओढला, तर वाळूने उलट ओढला. लिहिताना वेडगळ वाटतंय, पण तसंच झालं. आरडाओरडा ऐकून स्वयंपाकी धावत आला, तेव्हा सुटले.

घोटा भोपळ्यासारखा सुजलाय, वर चार बोटं लांब जखम. स्वयंपाक्याने धुऊन पट्टी बांधली. मॅनेजर म्हणाले, काही नाही हो, खरचटलंय नुसतं. त्यांचं काय जातंय म्हणायला!

८ तारीख, शुक्रवार
गिअरबॉक्सचं चाक आलं नाही. उद्या. मॅनेजरना आता मी मनात उद्यासाहेबच म्हणते. गाड्या दुरुस्त करणारी मी, आणि गाडीवाचून अडकलेली मीच! सकाळी खुर्चीत बसून स्वयंपाक्याकडून जीपची काही जुळवाजुळव होते का पाहिलं. पाना माग, तर पक्कड आणतो. शेवटी मीच ओरडले त्याच्यावर, मग वाईट वाटलं.

पट्टी सोडली तर चमचाभर वाळू निघाली. काल चार वेळा धुतलं होतं.

९ तारीख, शनिवार
आज वाटीभर.

कोरडी वाळू. ओल्या जखमेतून कोरडी वाळू कशी येते? रक्ताचा थेंब नाही, दुखतही नाही. काल दुखत होतं ते बरं होतं.  स्वयंपाक्याने ती वाटी कचऱ्यात नाही रिकामी केली, लांब नेऊन पुरली.

मॅनेजरना दाखवलं. ते म्हणाले, वाळवंट आहे, वाळू असणारच. मी हातातला कप भिंतीवर फेकला.

१० तारीख, रविवार
कपाचा परिणाम झाला. पाय लोंबत ठेवून मला गाडीवर बसवत नाही, आणि फोनवर डॉक्टर इतक्या लांब यायला तयार नाहीत, म्हणून मॅनेजर स्वतः मोटारसायकलवरून त्यांना आणायला निघाले. रस्त्याने जा म्हटलं. टेकडीवरून तासभर वाचतो म्हणाले. तासभर! तीन दिवस फुकट घालवले, आणि आता तास वाचवताहेत!

११ तारीख, सोमवार
आले नाहीत.

दुपारी स्वयंपाक्याने दुर्बीण लावली. मॅनेजरची गाडी टेकडीच्या उतारावर आडवी आहे. माणूस नाही. पावलांचे ठसेही नाहीत.

खाट ऑफिसात, फोनजवळ हलवून घेतली. दादाला सगळं सांगितलं. तो एका शब्दानेही रागावला नाही, तेव्हा मला रडू आलं. निघतो म्हणाला. टेकडीचं सांगणार, तेवढ्यात फोन कट.

१२ तारीख, मंगळवार
वाळू गुडघ्यापर्यंत चढली. पोटरीत बोट दाबलं तर खळगा पडतो, आणि कडेने भुरूभुरू गळून भरतो.

स्वयंपाकी सकाळपासून उजवी मूठ मिटून होता. मी उघडायला लावली. सुरीने कापलेलं बोट. त्याच बोटाने तो माझी पट्टी बदलत होता. नखाखालून वाळूची बारीक धार—

पाण्याचा हंडा माझ्या खाटेशी ठेवला. म्हणाला, ‘‘ताई, माफ करा. मला घरी दोन लेकी आहेत.’’ त्याला मोटारसायकल येत नाही, रस्त्याने चालत गेला. खिडकीतून दिसेनासा होईपर्यंत बघितलं. त्याच्या मागे रस्त्यावर एक सरळ, पिवळी रेघ.

टेकडी जवळ आलीय का? शेडचं मागचं दार दिसत नाही.

१३ तारीख. सकाळ
दादाचा फोन. फाट्यावर पोचलाय, मोटारसायकल भाड्याने घेतलीय. कुणीतरी त्याला सांगितलं, टेकडीवरून तासभर—

ओरडले. रस्त्याने ये, रस्त्याने. आवाज नाही आला. तोंडात करकर. तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला. मग म्हणाला, घाबरू नकोस गं, आलोच.

फोन लागत नाही. सरपटत दारापर्यंत आले. डावा पाय खाटेजवळच—
मागे नाही बघणार.

इंजिनाचा आवाज. चढावर आहे. दुसरा गिअर. दादा, वळ. वळ ना रे.

थांबला आवाज.

बोटं धरत नाहीत पेन. दादा, हे वाचशील तर मला हात लावू न

उठला! उठून उभा राहिला. हात हलवतोय. हसतोय. येतोय इकडे. लंगड