अंडं फोडून पाहायचा पेला

मी राइत्सा झिल्बर, बेखमीर भाकरी भाजणाऱ्या गेत्सलची विधवा, वय एकाहत्तर, राहणार झाव्रूव, लुब्लिन प्रांत. पाय गेले आहेत, डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणी दम देऊन किंवा गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. माझ्याशी गोड बोलणारं कोणी उरलेलंही नाही.

१. घर आणि भट्टी मुलगी हेंडल हिला. अट एकच. आम्हा ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणाला माझ्या बापाने पांढरी वाइन ओतली, त्याच्या बापानेही. लाल दिसली की लोक म्हणणार, ख्रिस्ती पोराचं रक्त पितात. हेंडल, तू लाल ओतायचीस. "आई, उगाच विषाची परीक्षा कशाला?" म्हणतेस. अगं, पांढरी ओतूनही तुझ्या बापाला नेलंच ना!

२. लाटणी आणि चाळणी भाची झिसल हिला. चाळणी फाटकी आहे. पोलिसांनी तिच्यात रक्त शोधलं. ज्यू पोरं मारून सणाच्या भाकरीत रक्त घालतात, ही घाण साडेसातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कोणीतरी ओकला. पोपांनी खोटं म्हटलं, राजांनी खोटं म्हटलं, तरी सणाच्या तोंडावर कोणाचं पोर हरवलं की लोक तीच घाण चघळतात. शिसारी येते मला. गिरणीवाल्याची हरवलेली पोर मारिसिया उन्हाळ्यात तळं उपसल्यावर बुडालेली सापडली, पायात बूट तसेच. तोवर गेत्सल कोठडीत खोकून खोकून मेला होता. माफी मागायला कुत्रंही फिरकलं नाही.

३. अंडं फोडून पाहायचा काचेचा पेला शेजारीण फ्रान्चिश्का हिला. वीस वर्षं मी तिच्याच कोंबड्यांची अंडी घेतली. एकेक या पेल्यात फोडायची. रक्ताचा ठिपका दिसला की ते बाद, आमच्या धर्मात रक्त चालत नाही. ती हसायची, "राइत्साबाई, एवढ्याशा ठिपक्याला काय घाबरता? द्या इकडे, मी तळते." हीच बाई कोर्टात क्रूसाची शपथ घेऊन म्हणाली, "यांच्या पिठात मी रक्त पाहिलं." थू! हा पेला कशासाठी होता, ते तिने विहिरीवर चारचौघींत खरं सांगावं. तरच माझ्या मयताला यावं.

झाव्रूव, १२ मे १९०७
राइत्सा झिल्बर (सही)

साक्षीदार: लाइब वाइनश्टोक, पत्रेकाम करणारा (सही)
मोत्ल पेर्लमन, शिक्षक (सही)

साक्षीदारांची नोंद: राइत्साबाईंच्या सांगण्यावरून फ्रान्चिश्काला बोलावून कलम तीन वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सगळे म्हणत होते, मीही म्हटलं." राइत्साबाईंनी विचारलं, "विहिरीवर सांगशील?" ती दाराकडे वळली. "मग माझ्या मरणाची वाट कशाला बघतेस? आजच ने," म्हणून बाईंनी पेला पुढे केला. एप्रनखाली लपवून ती तो घेऊन गेली, विहिरीकडची वाट सोडून, मागच्या दाराने.