लाल रेषेच्या अलीकडे

प्रिय आत्या,

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. पण फोनवर तू 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून देतेस, आणि रविवारी तुझ्याकडून आल्यापासून माझ्या मनात बरंच साठलंय.

शाळेत आता मला सगळे मॅडम म्हणतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा अजून सांगत सुटतात. त्या पदवीच्या शेवटच्या वर्षी, तुझ्याकडे राहत असताना, तुझ्या बाथरूमच्या फळीवर मी काय लपवलं होतं, ते मात्र त्यांना तू आजवर कळू दिलं नाहीस. दोन प्लास्टिकच्या वाट्या, एक नळी आणि हातानं दाबायचा पंप. छाती वाढते, असं जाहिरातीत होतं. वर्गात मला 'इस्त्रीची फळी' म्हणायचे. मी विज्ञान शिकत होते, तरी भुलले. दुखतंय म्हणजे गुण येतोय, असं समजून पाच मिनिटांचा अर्धा तास केला. वाटीच्या कडेनं काळंनिळं कडं उमटलं, फोड आला, तरी थांबले नाही.

ते तुझ्या हाती लागलं तेव्हा तू रागावशील असं वाटलं होतं. बिस्किटांच्या कारखान्यात, पाकिटातली हवा ओढणाऱ्या मशीनवर बारा वर्षं काढलेली तू; पंप उलटसुलट करून एवढंच विचारलंस, "याला दाब दाखवणारा काटा कुठाय गं?" काटा नव्हताच. "आमच्याकडे लाल रेष असते. काटा तिथं पोचायच्या आत हवा सोडायची, नाहीतर बिस्किटांचा चुरा. बिस्किटाला काटा आणि आमच्या पदवीधरबाईंना काही नाही?" रडता रडता मला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलून तू मला डॉक्टरबाईंकडे नेलंस. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," म्हणून मला आत ढकललंस आणि शेजारी बसलीस. त्यांनी आधी गाठ नाही ना, ते तपासलं. गाठ असेल तर ही ओढाओढ मुळीच नको, म्हणाल्या. मला वाढ वाटत होती ती नुसती सूज होती, उतरणार होती. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत पंपाला हात लावायचा नाही; पुढे वापरायचाच झाला तर काटा असलेला, अगदी हलक्या ओढीचा, थोडीच मिनिटं, आणि दुखलं किंवा बधिर वाटलं की त्याच क्षणी हवा सोडायची. माझ्यापेक्षा तूच जास्त मान डोलवत होतीस.

मी तो पुन्हा वापरला नाही. डाग गेला. छाती आहे तेवढीच आहे, आणि आता मी तिच्यावर रुसलेली नाही. हे तुझ्यामुळे, आत्या. तुझे आभार मानायचे राहून गेले होते.

रविवारी तू, डावखुरी बाई, वरचा डबा उजव्या हातानं काढलास. मी मिठी मारली तर मागे सरकलीस. खोदून विचारल्यावर म्हणालीस, डाव्या बाजूला, काखेजवळ, सुपारीएवढं काहीतरी लागतंय, सवड झाली की बघू, आणि बाबांना सांगू नकोस. नाही सांगितलं. पण गुरुवारी अकराला त्याच डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. तुझ्या शिफ्टचं तुझ्या मैत्रिणीशी बोलले. कारण सांगितलं नाही. काही नसेलही. असलं तरी काटा अजून रेषेच्या अलीकडे असताना कळेल. साडेनऊला दारात येते. तू बसली होतीस तशी मी आत, तुझ्या शेजारी बसेन. भांडं लपवू नकोस.

तुझीच,
पदवीधरबाई