भावोजींचा उतार

कैनाड, ता. डहाणू
संक्रांतीनंतरचा मंगळवार

ती. ताई,

पाया पडतो. (डावा हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे एकाच हाताने, पण पोचला असं समज.) तुझ्या नावामागे या वेळी मी काहीच लावलेलं नाही. इतकी वर्षं ‘सौ.’ लिहिताना पेन अडखळत नसे, आज अडखळलं. आणि त्याच्या जागी दुसरं जे लावतात ते लावावंसं वाटेना. म्हणून नुसती ताई. तुझी तब्येत कशी आहे? शाळेत यंदाही दहावीचाच वर्ग गळ्यात मारला का? इकडे आम्ही सगळे आपापल्या जागी आहोत. थंडी उशिरा आली आणि आल्या आल्या कंटाळली. शेतात तूर उभी आहे, पण तिच्याकडे बघून वाटतं की कोणीतरी सांगितलं म्हणून उभी आहे. जयश्री बरी आहे. तलासरीच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीजवळून भिंतीजवळ सरकवलं आहे. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, उजेड जास्त होता.

आता भावोजींच्या सायकलीचं सांगतो. पावसाळ्यात तू ती टेम्पोतून पाठवलीस आणि फोनवर एवढंच म्हणालीस, ‘डोळ्यांसमोर नको, तुझ्याकडे राहू दे.’ मी राहू दिली. पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आणि येता-जाता तिला वळसा घालू लागलो. आयुष्यभर डोंगर उतरत राहिलेला माणूस ऑफिसच्या मीटिंगमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या जातो, हे मला अजून नीट पटलेलं नाही, आणि ती सायकल दिसली की ते पुन्हा पहिल्यापासून पटवून घ्यावं लागायचं. शेवटी जयश्री म्हणाली, एक तर चालवा, नाहीतर तिच्यावर पापड वाळत घालते. म्हणून चालवायला घेतली. (तुला आठवत असेल, शाळेनंतर मी सायकलवर बसलेलो नाही, आणि शाळेतही मागच्या कॅरिअरवरच जास्त.)

भावोजींचे इकडचे दोस्त तुला माहीतच आहेत. दर दिवाळीला तुम्ही माहेरी आलात की भाऊबीजेचं ताट आटपायच्या आत भावोजी ज्यांच्याबरोबर गंजाडच्या डोंगराकडे पळायचे, तीच मंडळी. त्यातला उमेश डहाणू रोडला स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकतो. रविना आश्रमशाळेत गणित शिकवते आणि डोंगरावरून गणित सुटल्यासारखी सरळ खाली येते. मी सायकल घेतल्याचं कळल्यावर दोघांनी मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं आणि तिथून माझ्या आयुष्यात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. उमेश म्हणतो, टायरमध्ये हवा कमी ठेवा, मुरमावर पकड येते. रविना म्हणते, इतकी कमी ठेवाल तर दगडावर आपटून रिम वाकेल. मी दोघांचं मन राखायला पुढच्या चाकात उमेशची आणि मागच्या चाकात रविनाची हवा भरली, तर दोघेही नाराज झाले. चेनला मी खोबरेल लावलं हे कळल्यावर तर दोन दिवस ग्रुपवर कोणी माझ्याशी बोललं नाही; एखाद्याच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मग रविनाने समजावलं की तेलाला धूळ चिकटते आणि तीच धूळ गिअरचे दात खाते. चेन आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग एकेका कडीवर एकेक थेंब. हे मी करतो. याने चेन सुधारली, माझ्यात काही फरक नाही. या लोकांची एक गादीवाली चड्डीही असते. तिच्या आत काय घालायचं आणि काय नाही याबद्दल उमेशने मला जे सांगितलं ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. मी ते पाळलं नाही, आणि आठवडाभर ऑफिसात उभ्याने काम केलं.

सीटचं मात्र सांगायलाच हवं. सीटच्या दांड्यावर तुझ्या नेलपॉलिशची लाल खूण आहे. भावोजींनी आपली उंची नेमकी कळावी म्हणून ती तुझ्याकडून करून घेतली असणार. ते ताडासारखे, मी हा असा. टाच पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा अशी सीट हवी म्हणतात. माझा पाय सरळ करून तळवाही टेकत नव्हता. तरी मी ती खाली घेतली नाही. कितीतरी दिवस बोटांच्या टोकांवर चालवत राहिलो, ढुंगण या बाजूचं त्या बाजूला घासत, आणि विचारणाऱ्यांना सांगत राहिलो की मला अशीच बरी वाटते. एके दिवशी मी चहा पीत असताना उमेशने पाना काढला आणि न विचारता ती खाली सरकवली. खूण दांड्यासकट आत गेली. मी चहाचा पेला खाली ठेवला. सायकल त्या दिवसापासून पुष्कळ सोपी झाली, हे मला फारसं आवडलं नाही.

गंजाडच्या मागे जो डोंगर आहे त्याच्या पलीकडच्या अंगाला एक उतार आहे. वर सागाची झाडं, खाली एक पाडा, मध्ये सुटा मुरूम आणि शेवटाला एकदम उजवीकडे वळण. या मंडळींनी त्याचं नावच ‘भावोजींचा उतार’ ठेवलं आहे, कारण तो सायकलवर बसून उतरणारे भावोजी एकटेच. बाकीचे (रविनासुद्धा) वरच उतरतात आणि सायकल हातात धरून चालत येतात. ते खाली पोचेपर्यंत भावोजी पाड्याजवळ दगडावर बसून चष्मा पुसत असायचे. पाय एकदाही टेकला नाही, असं सांगायचे. आपल्याकडे जेवतानाही सांगायचे, आणि तू त्यांच्याकडे न बघता भात वाढायचीस.

परवा रविवारी आम्ही तिघं त्या उताराच्या माथ्यावर उभे होतो. मी नेहमीसारखा सायकलवरून पायउतार व्हायला लागलो, तर उमेश म्हणाला, “दीपेशदादा, तुम्ही कशाला उतरता? तुम्ही त्यांचे मेहुणे.”

रविना म्हणाली, “जबरदस्ती नाही. पण सायकल तीच आहे, तिला रस्ता माहीत आहे.”

ताई, एवढं गणित शिकलेली बाई असं बोलली. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. मग दोघांनी मला एकाच वेळी सूचना दिल्या. वजन मागे टाका. पुढच्या ब्रेकवर एकच बोट ठेवा. वळणात ब्रेक मारू नका, वळणाच्या आधी मारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे जायचं आहे तिकडे बघा; दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. मी हे सगळं लक्षात ठेवलं. अर्धा उतार खरोखर बरा गेला. वारा कानात वाजत होता आणि भावोजींना यात काय वाटत असेल ते मला थोडंसं कळल्यासारखं झालं. मग वळण दिसलं, वळणात एक दगड दिसला, आणि मी त्याच्याकडे अत्यंत लक्षपूर्वक बघितलं.

डोळे उघडले तेव्हा मी मिरचीच्या रोपांत होतो आणि एक म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिचं नाव कमळी. पाड्यातलं शेवटचं घर तिचं. ती आधी माझ्याकडे, मग सायकलीकडे वळली आणि म्हणाली, “ही त्या बडबड्या साहेबाची गाडी ना?”

मी हो म्हणालो.

“मंग तू कोन?”

“त्याच्या बायकोचा भाऊ.”

“बरोबर पडलास. तो पन इथंच पडायचा.”

मी म्हटलं, तो पडत नसे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मार डोक्याला लागलाय अशी तिची खात्रीच झाली. म्हणाली, दर दिवाळीला पडायचा. वळला कधीच नाही, सरळ आत. एकदा तिचं कुंपण मोडलं, तेव्हापासून भात झोडून झाला की ती पेंढा या वळणावर रचायची. तो यायचा, पेंढ्यात घुसायचा, ती झाडूने त्याची पाठ झाडायची, तो पाणी प्यायचा, आणि वरून माणसं यायच्या आत दगडावर जाऊन बसायचा. कोणाला सांगू नको म्हणायचा. तिनेही कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला, असं म्हणाली.

मी आजूबाजूला बघितलं. पेंढा कुठेच नव्हता.

“यंदा दिवाळीला वाट बघितली,” ती म्हणाली. “आला नाय. मंग गोठ्याकडं रचला. कुठं आहे तो?”

ताई, मला मनगट हलवता येत नव्हतं, तोंडात माती होती, आणि हे सांगायचं माझ्या वाट्याला आलं. भावोजी गेल्यापासून लोकांना सांगायचं काम जयश्री करते, मी नुसता शेजारी उभा राहतो. मी सांगितलं. ती खाली बसली आणि मी मोडलेली मिरचीची रोपं एकेक करून सरळ करू लागली. बरीच मुळापासून गेली होती, तरी माती दाबून उभी करत राहिली.

तेवढ्यात उमेश आणि रविना चालत खाली पोचले. माझा हात बघून रविनाचा चेहरा पांढरा झाला. उमेशने रुमालाने हात बांधला आणि मला धीर द्यायला म्हणाला, “जाऊ दे दादा. हा उतार फक्त त्यांचाच. त्यांचा कधी पायसुद्धा टेकला नाही.”

मी कमळीबाईकडे बघितलं. तिने उमेशकडे बघितलं, मग रोपांकडे.

“चांगला चालवायचा तो,” ती म्हणाली, आणि पाणी आणायला घरात गेली.

मीही गप्प बसलो. त्यांच्यासमोर तो उतार भावोजींचाच राहू दे. पण तुला लिहिल्याशिवाय राहवेना. तू दरवर्षी न बघता भात वाढायचीस, तेव्हा तुला माहीत होतं का? कोपराला खरचटलेलं तुला दिसलं असणारच. मला आधी वाटलं तुला हसू येईल, मग वाटलं उलटं होईल, आणि काय होईल ते ठरवता येईना. म्हणून फोन न करता पत्र लिहिलं, म्हणजे जे होईल ते मला ऐकायला नको.

डहाणूला दवाखान्यात मनगटावर प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी वय विचारलं, मग सायकल कोणती ते विचारलं, मग पुन्हा वय विचारलं. जयश्रीने सायकलवर कायमची बंदी घातली आहे आणि मलाही ती मान्य आहे. हा माझा प्रांत नाही. सायकल आता तुझ्याकडे परत पाठवावी असं मी ठरवलं आहे. तिकडे जिन्याखाली जागा असेल तर बघून ठेव. तब्येतीला जप, थंडीत पहाटे ओट्याशी उभी राहू नकोस.

तुझा
दीपेश

ता. क. सायकल पाठवत नाही. पुढचं चाक वाकलं होतं, ते उमेशने सरळ करून आणलं. हँडल अजून डावीकडे ओढतं, पण सध्या प्लास्टरच्या वजनाने मीही डावीकडेच ओढतो. चेन रोज पुसतो. एका हाताने जमतं.

ता. क. २ वर एक गोष्ट लिहिली नाही. निघताना कमळीबाईने विचारलं, “त्याची बायको कशी आहे?” मी म्हणालो, ठीक आहे. ती म्हणाली, “कोन बोललं?” मी म्हणालो, तीच. यावर तिने पुन्हा माझ्याकडे तसंच, डोक्याला लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. ताई, तू फोनवर दर रविवारी ‘ठीक’ म्हणतेस, मीही ‘ठीक’ म्हणतो, आणि आपण ठेवून देतो. भावोजी गेल्यापासून तू इकडे आलेली नाहीस. मी ये म्हणालो नाही, कारण तू नाही म्हणालीस तर पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. पण ये. कमळीबाईला तुला भेटायचं आहे. मलाही.

ता. क. ३ (हे अक्षर माझं, जयश्रीचं.) ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बंदी वगैरे मी घातलेली नाही. मी म्हटलं, हाड जुळलं की जा. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर ते जेवता जेवता तासभर भावोजींबद्दल बोलत होते. गेल्यापासून पहिल्यांदाच. मी मध्ये बोलले नाही, भाजी गार झाली तरी. वरची खोली झाडून ठेवली आहे. यायचं कारण शोधत बसू नका. नाशिकहून डहाणूची एसटी धरा, चारोटीला उतरा, मी स्कूटर घेऊन येते. कधी येताय ते मलाच कळवा, यांना नको; नाहीतर एका हाताने सायकल चालवत तुम्हाला आणायला निघतील.