तिच्या चित्राखालची माझी वाक्यं

प्रिय (आणि सात वर्षांनी मोठी, म्हणून आदरणीयही) ताईस, लांबूनच वाकून नमस्कार.

चित्रकार बाईंनी सोमवारी माझ्या हातात वही दिली, त्या क्षणी माझं वाटोळं झालं. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त कालपासून जेवण जात नाही आणि एका जागी बसवत नाही. हे पत्रही खोलीत फेऱ्या मारत, मधूनमधून खिडकीच्या कठड्यावर टेकून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

झालं असं. आमच्या भंगाराच्या शेडमध्ये या बाई महिनाभर येताहेत. आम्ही प्लास्टिक निवडतो, त्या आमची चित्रं काढतात आणि काढता काढता मुलाखत घेतात. दोन्ही एकदम जमेना, म्हणून लेखनिक हवा झाला. शेडमध्ये कॉलेजचं तोंड पाहिलेला मी एकटाच (तोंडच पाहिलं आणि पाठ फिरवली, हे तू सांगायची गरज नाही). बुधवारी चित्रासाठी बाईंसमोरच्या बाकावर येऊन बसली माझ्या समोरच्या टेबलवाली. मागच्या तीन पत्रांत मी तिच्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही, यावरूनच तू काय ते ओळखलं असशील. ती डब्याला नखाने टिचकी मारते आणि नुसत्या आवाजावरून तो कुठल्या पिंपात टाकायचा ते सांगते. बाईंनी विचारलं, या कामात तुला काय आवडतं? ती म्हणाली, झाकणं. बस्स. एवढ्या जिवंत चित्राखाली नुसती झाकणं? माझं डोकं तापलं (कुणावर, ते विचारू नकोस). मी लिहून टाकलं, 'समोरच्या टेबलावरच्या मुलाचे हात फार सफाईदार आहेत. ते बघता बघता दिवस कधी सरतो कळत नाही.' पुढे आणखी चार ओळी होत्या. त्या राहू देत.

आता मला काय ठाऊक, की चित्र भिंतीवर लावण्याआधी ज्याचं बोलणं त्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, त्याने मान डोलावली तरच लावायचं, अशी या बाईंची रीत आहे! काल जेवणाच्या सुट्टीत वाचन झालं. गठ्ठे बांधणारे काका (माझे खोलीतले सोबती) घास हातात धरून ऐकत राहिले. मुकादम हसला. मी त्याची कॉलर धरली. मग सोडलीही, तो अंगाने दुप्पट आहे. ती मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "हे माझं नाही. ज्याचं आहे त्याच्या चित्राखाली लावा."

ताई, मी काम सोडलं. शेडमध्ये पुन्हा पाऊल ठेवणार नाही. घरी येतो, तू कॉलेजचा फॉर्म आणून ठेव, बाबा म्हणतील त्या विषयाला बसतो. प्रेमबिम सगळं थोतांड आहे.

तुझा, अखेर शहाणा झालेला,
धाकटा

ता. क. काका आत्ताच जेवायला आले. कुणी कामावर आलं नाही की त्याचा ढीग आम्ही दुपारपर्यंत आपसात वाटून घेतो. पण आज माझ्या ढिगाला ती कुणाला हात लावू देईना. म्हणाली, "त्याचा तो निवडेल. येईल." ताई, 'येईल' म्हणाली. मी काकांकडून चार वेळा खात्री करून घेतली. पाचव्यांदा विचारलं तेव्हा ते ताट घेऊन बाहेर जाऊन बसले.

आणखी एक ता. क. फॉर्म आणू नकोस. बाबांकडे चकार शब्द काढू नकोस. माझी स्वतःची मुलाखत आज तीनला आहे. या खेपेला वही दुसऱ्याच्या हातात असणार, तोंडाने बोलावं लागणार, आणि ती समोरच्या टेबलावर असणार. तिने मान डोलावली तर तिच्या घरी शब्द टाकायला मोठं माणूस लागेल, आणि मला मोठी तूच. रविवारी ये. नाही डोलावली तर शनिवारीच ये. पावणेतीन झाले. हे उंबऱ्यात उभा राहून लिहितोय. निघालो, दार ओढून घेतलं.