लायसन येईपर्यंत हळद पुरली पाहिजे

१ नोव्हेंबर

ठरलं. यंदा गुऱ्हाळ मी चालवणार.

गेल्या सीझनला आमच्या यांनी गुळव्याच्या कानाखाली जाळ काढला. काहिलीत रस उकळत असताना. गुळव्या गेला, त्याच्यामागे अख्खी टोळी गेली, गूळ करपला. परवा दिवाळीत काहील घासताना यांना ते आठवलं आणि यांनी काहिलीला लाथ मारली. काहील लोखंडी आहे. पाय प्लास्टरमध्ये.

पुतण्याला, राजवीरला, गुऱ्हाळाच्या जागेवर लग्नाचं लॉन करायचं आहे. हे म्हणाले, "एकतीस डिसेंबरच्या आत एक ढेप काढून दाखव. न्हायतर जागा राजवीरला." मी म्हटलं, मंजूर. माझं पहिलं बाळंतपण सोडलं तर या घरातल्या सगळ्या आनंदाच्या आठवणी त्या चुलवाणाजवळच्या आहेत. तिथे डीजे लागू देणार नाही.

संकल्प: एक, सगळं कायद्याने. लायसन हातात आल्याशिवाय चुलवाण पेटणार नाही. दोन, सगळं प्रेमाने. तीन, हात उचलायचा नाही. कुणावरही.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टांची फार आठवण आली. किती प्रेमळ. पट्टी मारून झाली की स्वतःच्या बोटांनी तळहाताला हळद लावायच्या. शाळा सोडताना ती शिसवी पट्टी त्यांनी मलाच भेट दिली. अजून पर्समध्ये असते. ती माया आता कुठे राहिली?

संध्याकाळी: मंडईतून एक किलो हळद आणली. सहज.

४ नोव्हेंबर

कामगार ऑफिस. बाहेरगावचे मजूर आणायचे तर ठेकेदाराची नोंदणी लागते. क्लार्क नम्र होता. म्हणाला, "मावशी, अर्ज मुकादमानं स्वतः करायचा असतोय. मुकादम बाहेर थांबलेत व्हय?" मी म्हटलं, मुकादम तुमच्यासमोर बसला आहे. तो हसला. तेवढ्यात माझी छत्री उघडली. त्याच्या चष्म्याची एक काच गेली. छत्री जुनी आहे, तिची कळ सैल आहे.

राहिलेल्या काचेतून बघत त्याने सगळं समजावलं. प्रत्येक मजुराचं नाव, फोटो, बँकेत खातं. राहायला धड जागा, संडास, मुलांसाठी पाळणाघर, फर्स्ट-एड बॉक्स. मग इन्स्पेक्शन, मग लायसन. किती शिस्त! सिस्टर बेनेडिक्टांनी कायदा केला असता तर असाच केला असता.

त्याच्या भुवईला हळद लावू का, असं विचारलं. नको म्हणाला. हल्ली मुलांना माया घेताही येत नाही.

९ नोव्हेंबर

आम्ही मंगळवार पेठेतून गुऱ्हाळावरच्या खोलीत मुक्काम हलवला. यांची खाट खिडकीशी. इथून हे सगळ्यांना शिव्या देऊ शकतात.

कृष्णात आला. गेली वीस वर्षं मराठवाड्यातून टोळ्या आणतो. म्हणाला, "आक्का, बारा कोयतं आणतो की. लायसन-बियसन कशाला? बारा माणसाला कोण इचारतंय?"

एक कोयता म्हणजे एक नवरा आणि त्याची बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. दोघं मिळून एक. मी म्हटलं, कृष्णात, मग माणसं चोवीस झाली.

"बायका कुठं धरत्यात व्हय?"

मी म्हटलं, मी धरते. आणि मुकादम म्हणून नाव माझं लागणार, तुला तुझं कमिशन मिळेल. कृष्णात म्हणाला, "नाव तुमचं, टोळी माझी? आक्का, माझ्याकडं लायसन नसंल, पर काठी हाय."

यावर यांनी खाटेवरून तांब्या फेकला. कृष्णातच्या कानाला लागला. मी यांना फार बोलले. नेम अजून चांगला आहे, हेही सांगितलं. कौतुक करावं माणसाचं.

हळद: दोन चमचे.

१४ नोव्हेंबर, सकाळी सात

टोळी काल आली. कमिशन मोजून घेऊन कृष्णातनेच पाठवली. आज पहिली असेंब्ली. रांगा केल्या, डोळे मिटायला लावले, प्रार्थना म्हटली. मग हजेरी. ज्ञानू नावाच्या तोडकऱ्याने "हजर" म्हटलं आणि पुढे मी मीनाबाईचं नाव घेतलं तरी पुन्हा तोच "हजर". मीनाबाई त्याची बायको, शेजारीच उभी, चांगली धिप्पाड. मी म्हटलं, आपली हजेरी आपण द्यायची. हा नियम.

मीनाबाईने इकडेतिकडे बघितलं. मग इतक्या जोरात "हजर!" ओरडली की पाळणाघरातली सगळी पोरं उठली.

फोटोही वेगवेगळे काढले. एकीनेही आजवर एकटीने फोटो काढला नव्हता. सगळ्या जणी नवरा जिथे असायचा तेवढी जागा सोडूनच उभ्या राहिल्या. मला भरून आलं.

दुपारी

खात्यांचे फॉर्म भरले. मीनाबाई म्हणाली, "मालकीणबाई, मपले पैसे मपल्या हातात?" मी म्हटलं, हो, तुझे तुझ्याच हातात.

ज्ञानू म्हणाला, "मंग मी काय करू?" मीनाबाई म्हणाली, "तू तपले मोज की."

ज्ञानूने तिचा फॉर्म ओढला. तिने उसाचं कांडकं ओढलं. फॉर्म वाचला.

संध्याकाळी

मतभेद बाकी जोड्यांतही पसरले. एकाचा दात, दोघांची डोकी, एकीचा दंड, तीन चुली. एका म्हाताऱ्या तोडकऱ्याला बायकोने पाण्याच्या टाकीत टाकलं आणि पोहता येत नाही म्हणून तिनेच काढलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत या जोडप्यांचं एकमेकांशी पहिल्यांदाच मोकळं बोलणं झालं.

हे खिडकीतून म्हणाले, "मी एक थोबाडीत दिली तर गाव नावं ठेवतंय. हिनं नुसती नावं लिहिली आन् बारा घरं पेटवली." माझं काहीच चुकलं नाही. मी फक्त सुवाच्य अक्षरात लिहिलं.

२० नोव्हेंबर

फर्स्ट-एड बॉक्स आणला होता, तो संपला. दुसरा आणला. तोही संपत आला. इन्स्पेक्शनला काय दाखवणार? तिसरा आणून कुलूप लावलं. किल्ली यांच्या प्लास्टरमध्ये खोचली आहे.

पुरुष रोज सकाळी येऊन विचारतात, ऊस कधी तोडायचा? मी सांगते, लायसन आल्यावर. तोवर असेंब्ली, सफाई, पी.टी. ज्ञानू म्हणाला, "हात वर-खाली करायचा पगार मिळतो, हे घरी सांगितलं तर येडा म्हणतील." मी त्याला रांगेत उभं राहून बोलायला सांगितलं.

हळद अर्ध्यावर आली.

२८ नोव्हेंबर

कृष्णात टोळी न्यायला आला. सोबत सात-आठ माणसं, काठ्या, एक मोकळा ट्रॅक्टर. "आक्का, गुमान टोळी सोडा. ऊस तोडायला दिलती, हात जोडायला न्हाय!"

पुरुष ट्रॉलीत चढायला निघाले. बायका जागच्या हलेनात. मीनाबाई म्हणाली, "मपला फोटो इथं लागलाय. मी नाही जात." मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण धूळ फार होती. बायकांनी चिपाडाचे भारे फेकले. कुणीतरी गेल्या वर्षीच्या मळीचं पिंप ओतलं. तो वास! कृष्णातची माणसं त्यात घसरून पडली, आणि पडलेल्याला मारू नये हा नियम मी अजून शिकवला नव्हता.

मी फाटकात यांची कुबडी आडवी धरून शांतपणे उभी होते. कृष्णात धावत आला तो कुबडीवर. पुढचे दोन दात. मी हात उचलला नाही. कुबडी यांची आहे.

जाताना कृष्णात ट्रॉलीतून ओरडला, "इठ घाठ हाय माजी!" दात नसल्याने काय म्हणाला ते कळलं नाही. धमकी असावी. पुरुषही शेवटी राहिले. बायका राहिल्या म्हणून राहिले. रात्री दोन-तीन जोड्यांच्या चुली पुन्हा एक झालेल्या दिसल्या.

कुबडी मोडली. हे चिडलेत. लंगडत येऊन मारता येत नाही म्हणून जास्तच.

१२ डिसेंबर

इन्स्पेक्शन! वर्षाराणी मॅडम आल्या. तरुण आहेत, पण नजर तीक्ष्ण. संडास बघितले, पाळणाघर बघितलं, हजेरी घेतली. चोवीस आवाज. मॅडम म्हणाल्या, "बायकांची नावं वेगळी लिहिलेला अर्ज मी पहिल्यांदाच बघते." मी लाजले. शाळेत मला नेहमी 'नीट' असा शेरा मिळायचा.

फर्स्ट-एड बॉक्स उघडून म्हणाल्या, "एकदम नवा कसा? वापर नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे गरजच पडत नाही. मागे डोक्याला फडकी बांधलेले पाच जण उभे होते. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. ते हसले. एकाला दात नव्हता.

फाईल पुढे जाईल म्हणाल्या. पंधरवड्यात लायसन.

हे म्हणाले, "ऊस वाळाय लागलाय." माझ्या यशाने यांना त्रास होतो.

२५ डिसेंबर

ख्रिसमस. पहाटेपासून शाळेची आठवण. गोठ्यातल्या बाळाचा देखावा, सिस्टरांनी दिलेला केक, आणि पहिल्या बाकावरची मी. वाटलं, आजची असेंब्ली सुंदर झाली पाहिजे.

हजेरीला ज्ञानूचं नाव घेतलं. मीनाबाई म्हणाली, "हजर." मी पुन्हा घेतलं. ती पुन्हा म्हणाली, "हजर. तो तापलाय, निजलाय. आमी दोघं हजर धरा."

दोघं! महिनाभर मी काय शिकवलं? ज्या बाईसाठी मी चष्मे आणि दात सोसले, ती बाई नवऱ्याची हजेरी देते? मी तिला हात पुढे करायला सांगितला. तिने केला. तिला वाटलं प्रसाद आहे.

फक्त एक. तळहातावर. शिसवी पट्टीने. अगदी प्रेमाने. आवाज मात्र मोठा आला, थंडीने लाकूड आवळतं.

मी लगेच हळद काढली. मीनाबाईने हात मागे घेतला.

म्हणाली, "नवरा मारतो तवा मी बी हाणते. तुम्हाला हाणता येत नाही. वयानं मोठ्या, वर माजं नाव लिवलंय तुमी." मग म्हणाली, "मी, मीनाबाई, हितं ऱ्हात नाही." नाव अगदी मी शिकवलं तसं, ताठ उभं राहून, स्पष्ट उच्चारलं.

तिच्यामागून एकेक जण. सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. चोविसावा ज्ञानू, घोंगडीत गुंडाळून उभा केलेला.

हे खिडकीत होते. उचललेला तांब्या न फेकता खाली ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

२६ डिसेंबर

टोळी गेली. कृष्णातच्याच ट्रॉलीत. नवरा-बायको शेजारी शेजारी बसले होते. पोरं मांडीवर. फोटो मागायला मीनाबाई परत आली. मी सगळ्यांचे देऊन टाकले.

कृष्णात नवे दात बसवून आला होता. म्हणाला, "आक्का, मारामारीत माझी माणसं हटली. एका पट्टीनं तुमची हटली." हसल्यावर दात हलतात त्याचे.

टोळीला इथलं हवामान मानवलं नसावं.

२९ डिसेंबर

लायसन आलं! क्लार्क स्वतः घेऊन आला. नवा चष्मा. माझ्याकडे छत्री नव्हती, तरी लांब उभा राहिला. 'ठेकेदार: श्रीमती राजनंदिनी.' सही, शिक्का. कमाल मजूर: चोवीस.

त्याने विचारलं, "मजूर कुठं हायत, मावशी?" मी म्हटलं, सुट्टीवर.

३१ डिसेंबर

आता कायद्याने चुलवाण पेटवता येतं. मी ऊस तोडला. यांनी बांधावर बसून कसा तोडायचा नाही ते सांगितलं. एकदा कोयता माझ्या हातातून निसटला, यांच्या डोक्यावरून गेला. टोपी गेली. बाकी सुखरूप.

घाणा मी सुरू केला. जाळ यांनी घातला, प्लास्टर चुलवाणापासून लांब ठेवून. रस काहिलीत ओतला. थोडाच, पण तो वास! लग्न होऊन आले तेव्हा यांनी पहिल्यांदा ऊन ऊन गूळ पानावर दिला होता, ते दोघांनाही एकदमच आठवलं. आम्ही बोलत बसलो. किती वर्षांनी. बोलता बोलता गूळ करपला.

त्यावरून भांडण झालं. यांनी फावडी फेकली. मी चुकवली. काहिलीला लागली. काहिलीला चीर.

१ जानेवारी, सकाळी

राजवीर टेप घेऊन आला. चुलवाणाच्या जागी स्टेज येणार. म्हणाला, "काकी, वाईट वाटून घेऊ नगा. बोर्डावर तुमचं नाव घालतो." डीजेचं माप कुठे घ्यायचं ते त्याने यांना विचारलं. यांनी तांब्या शोधला. तांब्या ट्रॉलीतून गेला असावा.

मी लायसन भिंतीला लावलं. त्यात चुकीचं काही नाही, शेवटपर्यंत सगळं कायद्याने झालं. खाली लिहायची जागा होती: सध्या कामावर असलेले मजूर. मी म्हटलं, दोन लिहिते. आपण दोघं.

हे म्हणाले, "एक लिही. एक कोयता."

दोन महिने! एवढं सगळं करून! मी पर्समध्ये पट्टी शोधली. नाही. मीनाबाई फोटो न्यायला आली होती तेव्हाच गेली असणार. कुबडी मोडलेली. छत्री मंगळवार पेठेत.

मग हातच उचलला. यांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा आठवलं, हळद संपली आहे.