ओढणाऱ्या गाडीला ओढायचं नाही

प्रिय भोंग्या,

पत्र हातात घेऊन चष्मा शोधत बसशील. डोक्यावर असेल, बघ. मी बरा आहे, म्हणजे गुडघे सोडले तर. आमची मागची खोली रिकामी आहे, राहायला या, असं तुझ्या सूनबाईंनी फोनवर पुन्हा एकदा म्हटलं. मी काय बंद पडलेली गाडी आहे का, असं मी त्यांच्यावर खेकसलो, ते तुला कळलंच असेल. बिचारीला वाईट वाटलं असणार.

आपलं दुरुस्ती-पुरवठा पथक मोडीत निघालं रे. लेथ गेले, कम्प्रेसर गेला, वर्कशॉपच्या फरशीवर नुसती बोल्टांची भोकं उरलीत. जवान दुसऱ्या पथकांत वाटले गेले. निवृत्तीनंतरही भांडारात चिकटून बसलेला मीच काय तो जुना, म्हणून कॅप्टनसाहेबांनी पथकाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. आधी जुना अहवाल वाचायला दिला. खिंडीतल्या त्या हिवाळ्याबद्दल त्यात एकच ओळ: 'पुरवठा सुरळीत राहिला.' सुरळीत म्हणे, डोंबल! बर्फात रुतलेले पावाचे ट्रक आपल्या म्हातारीने, त्या जुन्या ओढगाडीने, एकेक करून बाहेर ओढले, त्या तारेच्या दोरात तुझी दोन बोटं गेली, आणि तू शिव्या घातल्यास त्या मला, नवे हातमोजे फाटले म्हणून. पुढच्या चौकीवर पाव पोचला. आपण काय खाल्लं ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. मी सगळं लिहून दिलं. साहेबांनी तुझ्या शिव्या तेवढ्या गाळल्या.

पण खरी भानगड पुढेच. म्हातारीला गेटजवळच्या चौथऱ्यावर कायमचं उभं करायचं ठरलं, आणि तिला तिथवर ओढून न्यायला साहेबांनी बाहेरून क्रेन मागवली. माझं डोकंच फिरलं. जी गाडी सगळ्यांना ओढते तिला ओढायचं नाही. बंद पडली तर आहे तिथेच दुरुस्त करायची, मग आभाळ कोसळो. आपल्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलेलं हे. नियमाच्या पुस्तकात नाही म्हणून काय झालं? साहेब भला माणूस, त्याने क्रेन शनिवारपर्यंत थांबवली. मग काय, घुसलो म्हातारीच्या खाली. डिझेलचा पंप उघडला, क्लच जुळवला. मध्येच सवयीने हात बाहेर काढून चौदाचा पाना मागितला. हात तसाच राहिला. कोणी नव्हतंच द्यायला. भोंग्या, फार एकटं वाटलं रे. बायको गेली तेव्हाही तू शेजारी होतास.

शनिवारी ती सुरू झाली. काळा धूर काय सोडला म्हणतोस! चालवली मीच. दुसरा गिअर असा करकरला की तू असतास तर माझ्या कानाखाली जाळ काढला असतास. रीतीप्रमाणे मी तुझ्या शेजारच्या सीटवर असायला हवं होतं. माझ्या शेजारची सीट मात्र रिकामी. तरी गेली बाई, स्वतःच्या चाकांवर, चौथऱ्यावर चढून उभी राहिली. साहेबांनी सलाम ठोकला. मग मी तिचं तेल काढून घेतलं आणि खाली पायरीवर बसून राहिलो.

आता महिनाअखेर क्वार्टर सोडायचं आहे. कालपासून ट्रंक भरतो आणि पुन्हा रिकामी करतो. स्टेशन काही लांब नाही, पण एकट्याने निघायचा धीर होत नाही. हसू नकोस. सूनबाईंना सांग, म्हातारा चुकला, खोली झाडून ठेवा. म्हातारीचा नियम मी पाळला. माझ्या बाबतीत मला तो पाळवत नाही. मुलाची गाडी घे, आणि मला न्यायला ये.

चौथऱ्याच्या पायरीवर वाट बघणारा,
तुझाच,
ग्रीस